गरम पाणी : किती अंश, किती वेळ, किती लांब

गिझर घ्यायला गेलेला माणूस दुकानात किती लिटरचा, किती ताऱ्यांचा, वॉरंटी किती वर्षांची, हे सगळं विचारून घेतो. पाणी किती अंशांवर गेलं की हा बंद होणार, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो. कारखान्यातून येतानाच थर्मोस्टॅट बऱ्याचदा ६० ते ७० अंशांच्या मध्ये कुठेतरी लावलेला असतो. आपण आंघोळ करतो ती ४०-४२ अंशांच्या पाण्याने. मधल्या वीस-पंचवीस अंशांचं काय होतं, ते कोणाच्या खात्यावर पडतं, याचा विचार कोणी करत नाही.

घरातली गरम पाण्याची व्यवस्था सुधारायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नवं यंत्र येतं. जुना गिझर काढा, मोठा बसवा. नाहीतर सोलर घ्या, नाहीतर हल्ली मोबाइलवरून चालणारा घ्या. यंत्र बदलण्याची वेळ कधी ना कधी येतेच. पण त्याच्या आधी तीन गोष्टी हातात घेण्यासारख्या असतात : पाणी किती अंशांवर तापतं, किती वेळ तापत राहतं आणि नळापर्यंत किती लांबून येतं. या तिन्हींवर ताबा नसेल तर महागातलं महाग यंत्रही वीज वाया घालवतं. ताबा असेल तर दहा वर्षांचा साधा गिझरही चांगलं काम देतो. आणि या सगळ्यांच्या आधी येते ती सुरक्षा, कारण पाणी आणि वीज, पाणी आणि गॅस अशा जोड्या बंद दाराआड जिथे वापरल्या जातात, अशी बाथरूम ही घरातली एकमेव खोली आहे.

एका बादलीचा हिशेब

१ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेचं १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. हे दोन आकडे हाताशी असले की बाकीचा हिशेब तोंडी करता येतो.

डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे २० अंशांच्या आसपास असतं. त्यातली २० लिटरची बादली ४१ अंशांवर न्यायची तर २० गुणिले २१, म्हणजे ४२० किलोकॅलरी लागतात. जवळजवळ अर्धं युनिट. चार माणसांच्या आंघोळी दोन युनिटांत होतात. मे महिन्यात तेच पाणी ३० अंशांवर असतं, तेव्हा एका बादलीला पाव युनिट पुरतं.

आता शॉवर घ्या. जुन्या पद्धतीच्या शॉवरमधून मिनिटाला ९ लिटर पाणी सहज पडतं. आठ मिनिटं उभं राहिलं की ७२ लिटर, म्हणजे साडेतीन बादल्या आणि पावणेदोन युनिटं. मिनिटाला ६ लिटर देणारा शॉवर लावला तर तेवढ्याच वेळात सव्वा युनिटाच्या आत काम होतं. काही घरांत गरम पाण्याच्या खर्चातली सगळ्यात मोठी कपात गिझरला हात न लावता, नुसता शॉवर बदलून होते.

पाणी तापवायला लागणाऱ्या या उष्णतेत काटकसरीला जागा नसते. तो निसर्गाचा नियम आहे. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे तिने दिलेली जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. गळती होते ती दुसरीकडे : तापलेलं पाणी टाकीत पडून राहतं तेव्हा आणि नळीतून प्रवास करतं तेव्हा.

अंश

गिझरच्या पोटात पाण्याची टाकी, तिच्याभोवती फोमचा थर आणि बाहेर पत्रा किंवा प्लास्टिकचं कवच असतं. फोम कितीही चांगला असला तरी उष्णता हळूहळू बाहेर पडतेच. गिझरवरचे तारे नेमकं हेच मोजतात. आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवलं, तर चोवीस तासांत किती वीज नुसती टिकवण्यात जाते, यावरून तारे ठरतात. घरगुती आकाराच्या गिझरमध्ये हा आकडा दिवसाला साधारण अर्ध्या ते एक युनिटाचा असतो. म्हणजे गिझर दिवसभर चालू राहिला तर कोणी आंघोळ न करताही एक-दोन आंघोळींची वीज जाते.

ही गळती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. खोलीत २० अंश आणि टाकीत ६५ असेल तर फरक ४५ अंशांचा. थर्मोस्टॅट ५० वर आणला की फरक ३० चा होतो आणि गळती एक तृतीयांशाने कमी होते. कढत पाण्यात विसण घातल्याने काही वाया जात नाही, ती उष्णता बादलीतच राहते. वाया जाते ती आंघोळी आटोपल्यावर टाकीत मागे उरलेल्या पाण्यातली. ते पाणी जितकं जास्त गरम, तितकं दुपारपर्यंत जास्त नुकसान.

मग ५० अंशांवर पाणी पुरेल का? १५ लिटरच्या गिझरमध्ये ५० अंशांचं पाणी असेल आणि त्यात २० अंशांचं विसण मिसळलं, तर ४१ अंशांचं साधारण २१ लिटर पाणी मिळतं. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण गरम पाणी वरून बाहेर पडत असताना खालून थंड पाणी आत येत असतं. म्हणजे एका दमात एक बादली. ६० वर ठेवलं तर दीड बादलीच्या आसपास. बादलीने आंघोळ करणाऱ्या घराला ५० पुरतं. पाठोपाठ दोघांना आंघोळ करायची असेल तर ५५-६० लागेल. घरातल्या माणसांच्या सवयीनुसार हा आकडा ठरवायचा.

थर्मोस्टॅटची चकती काही गिझरना बाहेरच असते. बऱ्याच गिझरमध्ये ती खालच्या प्लास्टिकच्या झाकणाआड असते आणि छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरवावी लागते. झाकणाआड उघड्या वायरी असतात, म्हणून हे काम मुख्य स्विच पाडून वायरमनकडूनच करून घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दुरुस्तीसाठी माणूस घरी आलेलाच असेल तर त्याला वेगळे पैसेही पडत नाहीत.

इथे दोन इशारे. पहिला भाजण्याचा. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडीला गंभीर इजा करू शकतं. ५० अंशांच्या पाण्याला त्यासाठी काही मिनिटं लागतात. लहान मुलं आणि ज्यांना पटकन बाजूला होता येत नाही अशी वयस्क माणसं घरात असतील तर हा फरक फार मोठा आहे. दुसरा इशारा जंतूंचा. लिजिओनेला नावाचा जीवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं, तिथे पसरलेल्या न्यूमोनियाच्या साथीतून तो पहिल्यांदा ओळखला गेला. २० ते ४५ अंशांच्या पट्ट्यात तो फोफावतो आणि ६० अंशांवर लवकर मरतो. रोज रिकामा होऊन नव्याने भरणाऱ्या १५ लिटरच्या गिझरमध्ये त्याला वाढायला वेळ मिळत नाही. पण २०० लिटरची टाकी पावसाळ्यात आठ-आठ दिवस कोमट पडून राहत असेल तर ती आठवड्यातून एकदा तरी ६० अंशांपर्यंत तापवावी. घरात प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण असेल तर साठा ६० वरच ठेवावा आणि नळाशी थर्मोस्टॅटिक मिक्सर लावावा. हा मिक्सर आपणहून गरम-थंडाचं प्रमाण सांभाळतो आणि ठरवलेल्या अंशावर पाणी देत राहतो.

वेळ

'गिझर चालू-बंद करत बसण्यापेक्षा चालूच ठेवला तर वीज कमी लागते' असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. हे खरं नाही. टाकी जितका वेळ गरम, तितका वेळ गळती. बंद केलेला गिझर थंड होत जातो तशी त्याची गळतीही कमी होत जाते. पुन्हा तापवायला लागणारी वीज ही चालू ठेवल्यावर वाया गेली असती त्याहून नेहमीच कमी असते.

२ किलोवॅटच्या गिझरला १५ लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला सोळा-सतरा मिनिटं लागतात. म्हणजे सहाच्या आंघोळीसाठी पावणेसहाच्या थोडं आधी चालू झाला तरी चालतं. घरोघरी होतं ते असं : जो पहिला उठतो तो बटण दाबतो, आणि शेवटचा माणूस ते बंद करायला विसरतो. डब्याची आणि बसची गडबड असताना लाल दिव्याकडे कोणाचं लक्ष असणार? माणसाच्या आठवणीवर टाकलेलं हे काम टायमरकडे द्यावं.

टायमर निवडताना एकच गोष्ट नीट पाहायची. २ किलोवॅटचा गिझर ८.७ अँपिअर वीज ओढतो आणि ३ किलोवॅटचा १३ अँपिअर. १० अँपिअरचा स्मार्ट प्लग २ किलोवॅटला कागदावर चालतो, पण रोज अर्धा-अर्धा तास जवळजवळ पूर्ण भार सोसून त्याचे संपर्क तापतात, प्लास्टिक पिवळं पडतं. १६ अँपिअरचाच घ्यावा. वायफायवरून चालणारा गिझर हवाच असं नाही. जुन्या गिझरच्या प्लगपाशी लावलेला १६ अँपिअरचा टायमर तेच काम करतो.

वेळेचा आणखी एक हिशेब अलीकडे महत्त्वाचा झाला आहे. स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरणने जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत सुरू केली. दुपारी पाणी तापवून ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वापरावं, असं कोणाच्याही मनात येईल. १५ लिटरच्या गिझरला ते जमत नाही. रात्रभरात त्याची बरीच उष्णता निघून जाते आणि सवलतीपेक्षा नुकसान जास्त होतं. मोठी, जाड फोमची टाकी असेल तर गणित बदलतं, कारण टाकी जितकी मोठी, तितका पाण्याच्या मानाने तिचा पृष्ठभाग लहान. आणि घरातले दोघं-तिघं कामावरून आल्यावर आंघोळ करत असतील, तर साडेचारला तापणारा गिझर त्यांना आजही परवडतो.

अंतर

पाऊण इंची नळीत दर मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. गिझर बाथरूमच्या माळ्यावर आणि नळ दोन मीटरवर असेल तर गरम पाणी यायला अर्धा लिटर थंड पाणी सोडावं लागतं. काही बिघडत नाही. पण गच्चीवरच्या सोलरपासून दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमपर्यंत ४० मीटरची नळी असेल तर १० लिटर पाणी गेल्याशिवाय बोटाला ऊब लागत नाही. चाळीस घरांच्या सोसायटीत प्रत्येकाने रोज तेवढं सोडलं तर ४०० लिटर झाले. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांनी हा आकडा मनावर घ्यावा. शिवाय आंघोळ संपल्यावर त्याच नळीत १० लिटर गरम पाणी अडकून थंड होतं, ते वेगळंच.

यावर उपाय तीन. नळीला फोमचं वेष्टण, जे गच्चीवरच्या उघड्या नळीला तर हवंच हवं. उन्हाने फाटून लोंबकळणारं वेष्टण बहुतेक गच्च्यांवर दिसतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. दुसरा उपाय मोठ्या इमारतींसाठी : गरम पाण्याची नळी खालपर्यंत नेऊन परत टाकीकडे आणायची आणि लहान पंपाने पाणी फिरतं ठेवायचं. मात्र हा पंप चोवीस तास चालला तर सगळी इमारतच टाकीतली उष्णता पिऊन टाकते. त्याला टायमर हवा, आणि परतीच्या नळीवर असा थर्मोस्टॅट हवा की नळी गरम झाली की पंप थांबेल. तिसरा उपाय म्हणजे नळापाशी लहान गिझर ठेवणं. त्याची एक चांगली जोडणी सोलरच्या संदर्भात पुढे येते.

सोलर आहे, पण पाणी कोमट का?

महाराष्ट्रातल्या शहरांत गच्चीवर सोलर आहे आणि तरी घरोघरी गिझर चालू आहे, हे चित्र सर्रास दिसतं. १०० लिटरच्या सोलरला सुमारे दोन चौरस मीटरचा सपाट संग्राहक किंवा काचनळ्यांचा संच लागतो. त्यातून वर्षाला सुमारे १,५०० युनिट वीज वाचू शकते, असा केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाचा अंदाज आहे. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं. पंपाची गरजही नसते. मग अडतं कुठे?

पहिली जागा मिक्सरची. बऱ्याच बाथरूममध्ये मिक्सरची गरम आणि थंड अशी दोन्ही बटणं उघडी ठेवून पाणी पुढे हँडशॉवरच्या बटणावर बंद करायची सवय असते. अशा वेळी मिक्सरच्या पोटात दोन्ही नळ्या एकमेकींना जोडल्या जातात. थंड पाण्याला पंपाचा जोर असतो, सोलरचं पाणी मात्र नुसत्या उंचीच्या दाबाने येत असतं. जोरातलं थंड पाणी गरम नळीत घुसतं आणि उलटं चढत जातं. एका घरातल्या उघड्या मिक्सरमुळे त्याच नळीवरच्या चार घरांना कोमट पाणी मिळतं आणि दोष सोलरला लागतो.

हे तपासायला कोणतंही उपकरण लागत नाही. आपल्या घरात येणाऱ्या गरम पाण्याच्या नळीचा कॉक बंद करायचा. मग बाथरूममधला फक्त गरम बाजूचा नळ उघडायचा. नळीत साचलेलं थोडं पाणी येऊन धार थांबली तर आपल्या घरात दोष नाही. धार थांबतच नसेल तर ते थंड पाणी आहे आणि ते आपल्याच एखाद्या मिक्सरमधून गरम नळीत शिरतंय. एकेक मिक्सरचे अँगल कॉक बंद करत गेलं की नेमका कोणता ते कळतं. त्यावर उपाय प्रत्येक घराच्या गरम नळीवर एकेरी झडप, ज्याला प्लंबर एनआरव्ही म्हणतात, आणि हँडशॉवर वापरून झाल्यावर मिक्सरची बटणं बंद करण्याची सवय.

दुसरी जागा टाकीतल्या विजेच्या कॉइलची. पावसाळ्यासाठी दिलेली ही कॉइल बारा महिने चालू ठेवली जाते. संध्याकाळी पाणी वापरलं गेलं की ती रात्री सगळी टाकी पुन्हा तापवून ठेवते. सकाळच्या आंघोळींनंतर जे उरतं तेही लगेच तापवते. सूर्य वर येतो तेव्हा त्याला तापवायला थंड पाणीच उरलेलं नसतं. या कॉइलला पहाटे चार ते सहाचा टायमर लावावा आणि तिचा थर्मोस्टॅट ४५-५० वर ठेवावा. आदल्या दिवशी ऊन पडलं असेल तर ती लागणारच नाही. ढगाळ दिवसांत मात्र आठवड्यातून एकदा, वर म्हटलं तसं, पाणी ६० पर्यंत न्यावं.

तिसरी जागा संग्राहकाच्या कलाची. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरातल्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. गरम पाण्याची खरी गरज थंडीत असल्यामुळे संग्राहक दक्षिणेकडे तोंड करून अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तिरपा हवा. नंतर वाढलेल्या शेजारच्या इमारतीची किंवा नव्या पत्र्याच्या शेडची सावली त्यावर पडत नाही ना, हेही डिसेंबरातच पाहावं.

आता ती जोडणी. सोलर आणि गिझर यांना दोन वेगळे नळ देण्याऐवजी सोलरची नळी गिझरच्या आत येणाऱ्या तोंडाला जोडता येते. नळ उघडला की गिझरमधलं तयार गरम पाणी लगेच येतं. नळीतलं थंडगार पाणी गिझरमध्ये शिरतं आणि त्याच्यामागून सोलरचं गरम पाणी येतं. पाणी सोडून द्यावं लागत नाही, आणि सोलरचं पाणी पुरेसं गरम असेल तर थर्मोस्टॅट कॉइल चालू होऊच देत नाही. पण एप्रिल-मेमध्ये सोलरचं पाणी ७०-८० अंशांवर जाऊ शकतं, आणि प्रत्येक गिझर इतकं गरम पाणी आत घ्यायला बनवलेला नसतो. गिझरच्या पुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा पाहून, मध्ये मिक्सिंग झडप आणि उन्हाळ्यात गिझर वगळून पाणी नेणारी बाजूची नळी ठेवूनच हे काम करावं.

गिझरच्या पोटात

बोअरच्या जड पाण्यावर तीन-चार वर्षं चाललेला गिझर उघडला की कॉइल दिसतच नाही. दिसतो तो तिच्याभोवती घट्ट बसलेला पांढरा, खरखरीत थर, आणि तळाशी खडूच्या चुऱ्यासारखा ओंजळभर गाळ. हा कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात विरघळलेले क्षार तापल्यावर बाहेर पडतात, आणि पाणी ६० च्या वर गेलं की फार वेगाने. हा थर उष्णता पाण्याकडे जाऊ देत नाही, त्यामुळे कॉइल आतल्या आत तापून फाटते. थर्मोस्टॅट खाली आणण्याचं हे आणखी एक कारण.

कॉइलशेजारी मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अनोड म्हणतात. टाकीच्या पोलादाऐवजी ती स्वतः गंजत जाते आणि टाकी वाचवते. झिजून तिची नुसती तार उरली की गंज टाकीकडे वळतो. टाकी फुटून गिझर फेकावा लागतो तेव्हा बहुतेकदा ही स्वस्तातली कांडी वेळेवर बदललेली नसते. जड पाण्याच्या भागात दर वर्षी, इतरत्र दोन वर्षांनी गिझर उघडून गाळ काढावा, कॉइल साफ करावी आणि अनोड पाहावा.

बाहेरच्या बाजूला एक छोटी झडप असते, तिच्यातून कधीकधी पाणी ठिबकतं. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की ते फुगून सुमारे पाव लिटरने वाढतं. एकेरी झडपेमुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून दाबाच्या झडपेतून थोडं बाहेर पडतं. हे ठिबकणं तिचं काम आहे. ओल नको म्हणून त्यावर बूच मारणं किंवा टेप गुंडाळणं म्हणजे वाफेला वाट न ठेवणं. थर्मोस्टॅट अडकला, पाणी फार तापल्यावर वीज तोडणाऱ्या कटआउटनेही काम केलं नाही, तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी शेवटची गोष्ट हीच झडप असते. तिला लहान नळी जोडून पाणी मोरीकडे सोडावं.

आधी जीव

गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर घरातल्या गरम पाण्याची सुधारणा तिथून सुरू करावी. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो; माणसाला तो वाचवत नाही. कॉइल फुटून वीज पाण्यात उतरली तर ती अंगातून वाहायला लागताच क्षणार्धात पुरवठा तोडतो तो आरसीसीबी. त्याच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का, ते पाहावं. सोबत अर्थिंग तपासून घ्यावं. बादलीत सोडायचा रॉड अजूनही अनेक घरांत आहे. तो वापरायचाच असेल तर प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही आणि मुलांच्या वाटेत बादली ठेवायची नाही.

गॅस गिझरबद्दल याहून कडक बोलायला हवं. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉनने १८६८ मध्ये गॅसवर पाणी तापवणारं यंत्र बनवलं, त्याला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. आज दीडशे वर्षांनंतरही आपल्याकडे तोच धोका छोट्या, बंद बाथरूममध्ये टांगलेला दिसतो. बंद खोलीत ज्वाला ऑक्सिजन संपवत जाते, जळणं अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, आणि धोका लक्षात येण्याआधीच माणूस कोसळतो. तरुण, निरोगी माणसंही यात गेली आहेत. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत हवा; आतमध्ये फक्त पाण्याची नळी यावी. ते शक्य नसेल तर गॅस गिझर काढून टाकावा. खिडकीची एक फट किंवा एक्झॉस्ट फॅन एवढ्यावर विसंबू नये.

यंत्र बदलायचंच असेल तर

'इन्स्टंट' गिझरचं आकर्षण मोठं आहे. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतो. थंडीत २० अंशांची वाढ हवी तर मिनिटाला दोन लिटरांच्या आसपास पाणी. बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. भांडी घासायच्या सिंकला तो उत्तम आहे, शॉवरला नाही.

बंगला असेल किंवा दोन पिढ्यांचं मोठं कुटुंब असेल तर हीट पंपाचा विचार जरूर करावा. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो; हीट पंप तेच उलट दिशेने करतो, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो. वीज फक्त ती उचलण्यासाठी लागते, म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. आपल्या उबदार हवेत तो वर्षभर चांगला चालतो, पावसाळ्यातही. किंमत मात्र गिझरच्या कितीतरी पट, आणि कंप्रेसरचा आवाज झोपायच्या खोलीपासून लांब ठेवावा लागतो.

गच्चीवर जागा एकच आणि मागणारे दोन, हा आता अनेकांपुढचा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या वीज पॅनलना ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरला ती योजना लागू नाही. तुलना अशी होते : २ चौरस मीटरचा सोलर चांगल्या उन्हात १०० लिटर पाणी २५ वरून ६० वर नेतो, म्हणजे सुमारे ४ युनिटांची उष्णता. १ किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतं आणि पाच-सहा चौरस मीटर जागा घेतं. जागा कमी असेल आणि फक्त पाणी तापवायचं असेल तर सोलर बंब अजूनही सरस आहे. जागा असेल, वर्षभर इतर वापरालाही वीज हवी असेल, तर पॅनल आणि हीट पंप ही जोडी भारी पडते, कारण तीच ४ युनिटं हीट पंपातून १२ युनिटांची उष्णता देतात.

फरशा फोडायच्या आधी

यातलं बरंचसं कमी खर्चाचं आहे : थर्मोस्टॅटची चकती, टायमर, आरसीसीबी, अनोड, शॉवर, नळीचं वेष्टण. पण बाथरूमचं काम काढलं असेल तर थोडं थांबून कंत्राटदाराला चार गोष्टी लिहून द्या, कारण एकदा टाइल लागली की पुढची पंधरा-वीस वर्षं भिंत उघडत नाही. गरम पाण्याची नळी सीपीव्हीसी किंवा पीपीआरची, फोमच्या वेष्टणासकट, आणि गिझरपासून नळापर्यंत शक्य तितकी लहान. गरम लाइनवर एकेरी झडप आणि हाताला येईल असा कॉक. गिझरची जागा अशी, की शिडी लावून खालचं झाकण उघडता येईल आणि कॉइल बाहेर ओढता येईल. फॉल्स सीलिंगच्या वर बंदिस्त केलेल्या गिझरची साफसफाई कोणी करत नाही. आणि गिझरसाठी बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, बाथरूमबाहेर स्विच. या चार ओळी कामाच्या अंदाजपत्रकात असतील तर उद्या त्या भिंतीवर गिझर, सोलर, हीट पंप यांपैकी काहीही आलं तरी ते नीट जोडता येईल.